दोन थरांत ट्रॅक बसेनात

प्रश्न : गणपतीच्या रोषणाईसाठी छोटा एलईडी कंट्रोलर बनवतोय. दोन थरांच्या बोर्डावर एसएमडी भागांमधून ट्रॅक निघतच नाहीत. काय करू? – एक वाचक, लालबाग

उत्तर : ऑटोराउटर आधी बंद करा. खोट बहुधा मांडणीत असते. मायक्रोकंट्रोलर ९० अंशांत फिरवून पाहा, बरेच गुंते तिथेच सुटतात. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर सप्लायच्या पिनेला अगदी खेटून बसवा. खालचा थर शक्यतो अखंड ग्राउंडलाच द्या. सिग्नलला ०.२ मिमी पुरे, पण एलईडीच्या दोन अँपिअरला ३५ मायक्रॉन तांब्यावर किमान १ मिमी रुंदी हवी; इथे काटकसर नको. तरीही एखादा ट्रॅक अडलाच, तर १२०६ आकाराचा शून्य ओहमचा रेझिस्टर टाका, त्याच्या पोटाखालून वाट निघते. लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल.