शरीर-पुनर्वसन वैद्यक : एक अपरिचित शाखा व आपले कर्तव्य

प्रास्ताविक

'पुनर्वसन' हा शब्द आपल्या खान्देशात उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धरण उभे राहते. तापीवरील धरणे असोत वा सरदार सरोवर. उठलेली गावे, नव्या वसाहती आणि मोबदल्याचे अर्ज हाच त्या शब्दाचा अर्थ येथे रूढ झाला आहे. परंतु याच नावाची एक स्वतंत्र वैद्यकशाखा आहे व तिच्यात एम.डी. ही पदव्युत्तर पदवी मिळते, ही गोष्ट सामान्य जनतेस तर नाहीच, पण आपल्यापैकी अनेक वैद्यांसही ठाऊक नसते. 'फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन' हे तिचे प्रचलित नाव. प्रस्तुत लेखात तिला आम्ही 'पुनर्वसन वैद्यक' असे म्हटले आहे.

या शाखेची ओळख आम्हास पुस्तकातून झाली नाही, चुकीतून झाली. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी विहिरीच्या कामावर पडून पाठीच्या मणक्यास इजा झालेला एक तरुण शेतमजूर आमच्या चिकित्सालयात आणला गेला. कमरेखालील भाग निश्चेष्ट होता. शस्त्रक्रिया होऊन दोन महिने लोटले होते. 'आता घरी न्या, मालिश करा' एवढाच अर्थ नातेवाइकांनी रुग्णालयातील सूचनांतून घेतला होता. आम्ही विधिवत अभ्यंग व पत्रपिंड स्वेद सुरू केला. तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचांवर मोठे फोड आले. पोटली हातास सोसेल इतकीच उष्ण होती. परंतु तो हात आमच्या परिचारकाचा होता, रुग्णाच्या पायास स्पर्शज्ञानच नव्हते. ते व्रण भरण्यास चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत त्याचे उभे राहणे लांबले. पुढे मुंबईस पुनर्वसन तज्ज्ञांनी त्यास तपासले, तेव्हा त्यांनी आम्हास दोष दिला नाही, केवळ विचारले, "यास आधी आमच्याकडे का पाठविले नाही?" त्याचे प्रामाणिक उत्तर एकच होते. अशी शाखा आहे, हेच आम्हास माहीत नव्हते.

शाखेचे स्वरूप

इतर शाखा मुख्यतः व्याधीचा विचार करतात. पुनर्वसन वैद्यक व्याधीनंतर उरलेल्या कार्यक्षमतेचा विचार करते. मेंदूतील रक्तस्राव थांबला, अस्थिभंग जुळला, जंतुसंसर्ग गेला. आता हा मनुष्य स्वतः जेवू शकतो काय, शौचास जाऊ शकतो काय, शेतात वा दुकानात परत बसू शकतो काय, हा या शाखेचा प्रश्न होय. पक्षाघात, मज्जारज्जूची इजा, डोक्यास मार, अवयवच्छेद, मेंदूचा पक्षाघात असलेली बालके, कुष्ठरोगजन्य विकृती, जुनाट सांधेदुखी व कटिशूल हे तिचे प्रमुख विषय आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. पुनर्वसन तज्ज्ञ म्हणजे फिजिओथेरपिस्ट नव्हे. तो एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला वैद्य असतो. ताठर झालेल्या स्नायूंत इंजेक्शन देणे, मूत्राशयाची व्यवस्था ठरविणे, कृत्रिम पाय वा आधारपट्टी लिहून देणे आणि सर्व चमूस दिशा देणे हे त्याचे कार्य. त्या चमूत फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, कृत्रिम अवयव बनविणारा तंत्रज्ञ, मानसतज्ज्ञ व समाजसेवक असतात. वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी हा चरकोक्त चिकित्सा-चतुष्पाद ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांस ही रचना परकी वाटू नये. येथे उपस्थात्याचा पाद विस्तारला आहे, इतकेच.

अल्प इतिहास

दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांमुळे ही शाखा आकारास आली. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जू-इजेच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. तत्पूर्वी असे बहुतेक रुग्ण शय्याव्रण व मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची काळजी व खेळ यांवर भर दिला. पुढे पॅरालिंपिक स्पर्धा त्यांच्याच प्रयत्नांतून उभ्या राहिल्या. अमेरिकेत डॉ. हॉवर्ड रस्क यांनी हेच कार्य केले. १९५४ साली मोटार अपघातात स्वतः अधरांगघात झालेल्या वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस यांनी रस्क यांच्याकडे शिक्षण घेतले व परत येऊन चाकाच्या खुर्चीवरून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हा विभाग उभारला.

महाराष्ट्राचे स्थान या इतिहासात मोठे आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचे, तर मुंबईस हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ सालची. सांगली जिल्ह्यातील श्री. मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले जवान. उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. २०१८ साली त्यांस पद्मश्री लाभली. प्रत्येक रुग्ण पदक मिळविणार नाही, हे खरे. परंतु 'आता काही होणार नाही' हे वाक्य वैद्याने किती जपून उच्चारावे, हे त्यावरून कळते.

काळाचे महत्त्व

चरकाने वातव्याधि-चिकित्सेत पक्षाघातादि व्याधी नवीन असताना, रुग्ण बलवान व उपद्रवरहित असताना साधावेत असा स्पष्ट निर्देश केला आहे. आधुनिक अनुभवही तोच आहे. पक्षाघातानंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, सहा महिन्यांपर्यंत तो बऱ्यापैकी राहतो व नंतर मंदावतो. मात्र पूर्ण थांबत नाही. आपल्याकडे नेमके हेच तीन महिने वाया जातात. 'सव्वा महिना अंथरुणातून उठवू नये', 'अंग आपोआप सुटेल' अशा समजुतींत रुग्ण पडून राहतो. खांदा निखळून दुखू लागतो, पाऊल खाली लोंबून टाच आखडते, त्रिकास्थीवर व्रण होतो. व्याधीने जितकी हानी केली नसेल, तितकी पडून राहण्याने होते.

म्हणून क्रम ध्यानात ठेवावा. तोंड वाकडे होणे, एक हात गळणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच रुग्णास आपल्याकडे एक क्षणही न ठेवता सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. रक्ताची गुठळी विरघळविण्याचे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. प्रकृती स्थिर झाल्यावर, साधारणतः २४ तासांनंतर, थोडा थोडा वेळ बसविणे व हालचाल सुरू होते. आपल्याकडे रुग्ण येतो तो बहुधा यानंतर. त्या वेळी आपला पहिला प्रश्न असावा : 'पुनर्वसन तज्ज्ञांस दाखविले काय?'

पंचकर्म करताना घ्यावयाची दक्षता

आपले उपचार निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. योग्य रुग्णात, योग्य वेळी अभ्यंगाने त्वचा निरोगी राहते, वेदना कमी होतात व रुग्णास उभारी येते, हा आमचा नित्य अनुभव आहे. परंतु पुढील गोष्टी तपासल्याशिवाय हात लावू नये.

१. स्पर्शज्ञान : डोळे मिटवून कापूस, टाचणी व कोमट-थंड पाणी यांनी तपासावे. जेथे ज्ञान नाही तेथे स्वेदन, गरम पाण्याची पिशवी वा शेक देऊ नये. आमची चूक हीच होती.

२. गिळणे : पक्षाघाताच्या अनेक रुग्णांस गिळण्यात दोष असतो. पाणी पिताना ठसका लागणे किंवा नंतर आवाज ओला होणे ही खूण होय. कधी ठसका न लागताही द्रव श्वासमार्गात जातो. अशा रुग्णास काढा, घृतपान वा नस्य दिल्यास द्रव फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत थांबावे.

३. पिंडरीची सूज : एकच पाय सुजला, उष्ण व दुखरा झाला, तर शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी. तेथे मर्दन केल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा व प्राणघाताचा संभव असतो. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

४. सांध्याभोवतीचा कठीणपणा : मज्जारज्जूच्या इजेनंतर नितंब वा गुडघ्याजवळ, तसेच कोपराच्या अस्थिभंगानंतर, स्नायूंत नवे हाड तयार होऊ शकते. जोराने चोळणे व ओढणे यांमुळे ते वाढते. हाडवैद्याने चोळून कायमचा आखडलेला कोपर आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला असेल.

५. दुर्बल खांदा : रुग्णास उठविताना लुळा हात धरून ओढू नये. तो हात बसताना उशीवर, चालताना झोळीत असावा. छतास दोरी-कप्पी बांधून हात वर ओढविण्याचा प्रघात हानिकारक आहे.

६. बस्ती : इजा छातीच्या सहाव्या मज्जाखंडाच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर गुदमार्गातील उत्तेजनाने रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीस जाऊ शकतो. तीव्र शिरःशूल, चेहरा लाल होणे व वरच्या अंगास घाम ही लक्षणे दिसताच बस्ती थांबवून रुग्णास ताठ बसवावे, मूत्रनलिका मुडपली नाही ना ते पाहावे व तातडीने रुग्णालयात न्यावे. तुंबलेले मूत्राशय हे याचे सर्वांत सामान्य कारण असते.

७. उन्हाळा : अशाच उच्च पातळीच्या इजेत इजेखालील शरीरास घाम येत नाही. वैशाखात जळगाव-भुसावळकडील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीतील असा रुग्ण तापतो. त्यास ज्वर समजून केवळ औषधे देत बसू नये. ओले कापड, वारा व सावली हीच प्रथम चिकित्सा. ताप न उतरल्यास जंतुसंसर्गाचा शोध घ्यावा.

कार्यक्षमतेची नोंद

नाडी, जिव्हा, मल, मूत्र यांची नोंद आपण करतोच. त्यात बार्थेल निर्देशांकाची भर घालावी, अशी आमची सूचना आहे. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत जेवणे, स्नान, मुखमार्जन-केशरचना, वस्त्रे घालणे, मलवेगावर ताबा, मूत्रवेगावर ताबा, शौचालयाचा वापर, खाटेवरून खुर्चीवर जाणे, चालणे व जिना चढणे या दहा क्रियांस मिळून १०० गुण असतात. दर पंधरवड्यास नोंद केल्यास रुग्ण सुधारतो आहे की केवळ पैसे खर्च करतो आहे, हे आपणास व नातेवाइकांस स्पष्ट दिसते. दोन-तीन नोंदींत अंक हलला नाही, तर तज्ज्ञांचे मत घेण्यास विलंब करू नये.

औषधविक्रेते बंधूंसाठी

रुग्णाचे नातेवाईक अनेकदा वैद्याआधी दुकानात येतात. तेथे दिलेला सल्लाही चिकित्साच असतो. काठी देताना रुग्णास उभे करून हात सैल सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत तिची मूठ येईल इतकी उंची ठेवावी आणि ती दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावयास सांगावी. शय्याव्रणासाठी मधोमध भोक असलेली रबरी गादी मागितली जाते. तिच्या कडेने रक्तपुरवठा दबून व्रण वाढू शकतो, म्हणून ती देऊ नये. हवेच्या वा पाण्याच्या गादीने दाब कमी होतो. पण 'कूस बदलण्याची गरज नाही' असे सांगून ती कधीही विकू नये. पट्टे व कॉलर हे तज्ज्ञांनी सांगितलेल्या मुदतीपुरतेच द्यावेत. गरम पाण्याची पिशवी देताना 'कोणासाठी हवी?' एवढा प्रश्न विचारला, तरी एखाद्याची टाच वाचेल.

कोठे व कसे पाठवावे

प्राथमिक तपासणी व फिजिओथेरपीसाठी धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जवळची आहेत. गुंतागुंतीच्या रुग्णास हाजी अलीच्या संस्थेत पाठवावे. ती केंद्र शासनाची आहे व महालक्ष्मी स्थानकापासून दूर नाही. जळगाव-भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघाल्यास सकाळी बाह्यरुग्ण विभागात पोहोचता येते. सोबत शस्त्रक्रियेची कागदपत्रे, एम.आर.आय.च्या फिल्म आणि आपले पत्र द्यावे. पत्रात इजेची तारीख, स्पर्शज्ञानाची स्थिती, मूत्रविसर्जनाची पद्धत, व्रण, आपण दिलेली औषधे व बार्थेल गुण लिहावेत. रसौषधी दिली असल्यास ती न लपविता लिहावी.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचाही विसर पडू नये. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास आरक्षण व अनेक योजनांची दारे उघडतात. 'स्वावलंबन' या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करून जिल्ह्याच्या अधिकृत रुग्णालयात तपासणी होते.

उपसंहार

ज्या तरुणाचा प्रारंभी उल्लेख केला, तो आज चालत नाही. परंतु चाकाच्या खुर्चीवर बसून तो गावात किराणा दुकान चालवितो, ठरावीक तासांनी स्वच्छ नळीने स्वतःच मूत्राशय रिकामे करतो आणि रोज रात्री आरशात आपल्या टाचा पाहतो. टाचा पाहण्याची सवय त्यास आमच्या चुकीनेच लावली. त्याच्या जागी येणाऱ्या पुढील रुग्णास ती किंमत मोजावी लागू नये, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच. आपल्या प्रतीक्षाकक्षात या शाखेचे नाव व हाजी अलीच्या संस्थेचा पत्ता लिहिलेला एक फलक लावावा, ही सर्व वैद्यबंधु-भगिनींस नम्र विनंती.