चित्रपट महोत्सव : पडद्याबाहेरची शाळा

नोव्हेंबर महिन्याच्या उत्तरार्धात पणजी शहरातील मांडवीकाठचा रस्ता दिव्यांच्या रोषणाईने उजळून निघतो. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव या सुमारास तेथे भरतो. कोणते नामवंत कलावंत उपस्थित राहिले, उद्घाटनाचा सोहळा कसा पार पडला, सुवर्णमयूर कोणत्या देशाच्या चित्रपटास मिळाला, याची वृत्ते आणि छायाचित्रे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होतात. महोत्सव म्हणजे चित्रपट दाखविण्याचा आणि पाहण्याचा उत्सव, अशी सर्वसाधारण समजूत त्यामुळे दृढ झाली आहे.

परंतु याच महोत्सवाचे दुसरे एक अंग आहे आणि त्याची छायाचित्रे फारशी छापली जात नाहीत. एका साध्या टेबलाभोवती चार-पाच माणसे बसलेली असतात. त्यांत एखादा तरुण दिग्दर्शक, त्याचा निर्माता, दूरदेशीचा एखादा वितरक आणि अनुभवी संकलक असे लोक असतात. चर्चेचा विषय असतो अद्याप तयार न झालेला चित्रपट. कथेचा मध्यभाग रेंगाळतो काय, चित्रीकरणास किती दिवस लागतील, उरलेला पैसा कोठून यावयाचा, अशा व्यवहारी प्रश्नांची तेथे उकल होत असते. आपल्या देशातील अनेक चांगल्या चित्रपटांची जडणघडण गेल्या दोन दशकांत अशा टेबलांभोवती झाली, हे लक्षात घेता या अंगाचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

उमेदवारीकडून अभ्यासक्रमाकडे

चित्रपटाचा धंदा शिकावयाचा कसा, हा प्रश्न जुनाच आहे. मूकपटांच्या काळात त्याचे उत्तर उमेदवारी हे होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत व्ही. शांताराम शिकले. विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि धायबर हेही तेथेच तयार झाले. १९२९ साली या मंडळींनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली आणि पुढे १९३३ मध्ये ती पुण्यास आणली. पगारी नोकरी आणि शिक्षण एकाच छपराखाली होत असे. स्टुडिओच बंद पडू लागले तेव्हा हे शिक्षणही थांबले. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ साली आपला अहवाल दिला, त्यात अर्थसाह्य आणि प्रशिक्षण या दोन्हींसाठी स्वतंत्र संस्था असाव्यात, असे सुचविण्यात आले होते. १९६० साली पुण्यात शासकीय चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली, तीही प्रभातच्याच आवारात. ज्या जागेत एक पिढी उमेदवारी करून शिकली, तेथेच दुसरी पिढी अभ्यासक्रमाने शिकू लागली.

या दोन घटनांच्या दरम्यान, २४ जानेवारी १९५२ रोजी, मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. केंद्र शासनाच्या फिल्म्स डिव्हिजनने तो आयोजित केला होता. तेवीस देश सहभागी झाले होते आणि मुंबईनंतर अन्य मोठ्या शहरांतही तो नेण्यात आला. युद्धोत्तर इटलीतील ‘बायसिकल थीव्हज’सारखे चित्रपट तेथे दाखविले गेले. रस्त्यावर, सामान्य माणसांच्या घरांत चित्रीकरण करता येते आणि गरिबाच्या सायकलीवरही चित्रपट उभा राहतो, हे तेव्हाच्या आपल्या चित्रपट व्यावसायिकांनी प्रत्यक्ष पाहिले. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ पुढील वर्षी, १९५३ साली प्रदर्शित झाला आणि १९५४ मध्ये कान येथे त्याचा गौरव झाला. या चित्रपटामागे १९५२ च्या महोत्सवाची प्रेरणा होती, असे नेहमी सांगितले जाते. तेव्हाचे शिक्षण हे असे पाहण्यातून होणारे होते. पाहिलेले बरोबर घेऊन प्रत्येकाने आपल्या वाटेने जावयाचे, अशी ती रीत होती.

पाहणे आणि बोलणे

चर्चेला महोत्सवात जागा मिळाली ती मुख्यतः फिल्म सोसायट्यांच्या चळवळीमुळे. १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली या सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला होता. महोत्सवातील ‘ओपन फोरम’ हा मुक्त चर्चेचा उपक्रम या महासंघाशी निगडित आहे. सेन्सॉरपासून छोट्या चित्रपटगृहांच्या अडचणींपर्यंत सर्व विषयांवर तेथे बोलले जाते. प्रसंगी आवाजही चढतात, आणि त्यात काही गैर नाही.

२००४ पासून महोत्सव गोव्यात स्थिरावला. तत्पूर्वी तो कधी दिल्लीत तर कधी अन्य शहरांत भरत असे. जागा निश्चित झाल्याचा लाभ चर्चासत्रांना विशेष झाला. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात चित्रपटगृहे आणि जवळच मांडवीच्या तीरावर कला अकादमीची वास्तू असल्याने प्रतिनिधींना पायी चालत एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाता येते. छायालेखन, ध्वनी, संकलन, अभिनय अशा विषयांवर त्या त्या क्षेत्रातील जाणकारांची ‘मास्टरक्लास’ या नावाने ओळखली जाणारी व्याख्याने होतात. मात्र या व्याख्यानांचे स्वरूप संमिश्र असते, हे नमूद करावयास हवे. काही वक्ते आपल्या कामाचे बारकावे उकलून दाखवितात, तर काही कार्यक्रमांत श्रोत्यांची निम्मी वेळ वक्त्याच्या स्तुतीत खर्ची पडते.

अपूर्ण चित्रपटांचा बाजार

खऱ्या अर्थाने कामाची चर्चा होते ती ‘फिल्म बाजार’मध्ये. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ साली हा उपक्रम महोत्सवाला जोडून सुरू केला. २०२५ पासून तो ‘वेव्हज फिल्म बाजार’ या नावाने भरू लागला. नाव बाजार असले तरी येथे विक्रीपेक्षा दुरुस्तीचे काम मोठे आहे.

त्याचे चार भाग ध्यानात घेतले म्हणजे एकंदर रचना कळते. पटकथालेखकांच्या कार्यशाळेत निवडक पटकथा घेतल्या जातात. अनुभवी मार्गदर्शक प्रत्येक लेखकाबरोबर बसून त्याची पटकथा वाचतात, प्रश्न विचारतात आणि लेखक पुन्हा लिहितो. सहनिर्मितीच्या विभागात पटकथा तयार असलेले, पण पैसा अपुरा असलेले प्रकल्प येतात. तेथे दिग्दर्शक व निर्माता यांच्या देशी-परदेशी संस्थांशी आधी ठरविलेल्या वेळी भेटी होतात. तिसऱ्या भागात, ज्याला ‘वर्क इन प्रोग्रेस लॅब’ म्हणतात, चित्रीकरण संपलेले आणि कच्चे संकलन झालेले मोजके चित्रपट मार्गदर्शकांना दाखविले जातात. चौथा भाग ‘व्ह्यूइंग रूम’चा. तेथे तयार किंवा तयार होत आलेले चित्रपट संगणकांवर ठेवलेले असतात आणि महोत्सवांचे निवडकर्ते, वितरक ते आपल्या सवडीने पाहतात. २०२४ मध्ये या दालनातील चित्रपटांची संख्या दोनशेंवर होती.

यांपैकी तिसऱ्या भागाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. चित्रपट हे असे काम आहे की त्यातील चूक बहुधा पूर्ण झाल्यावर, प्रेक्षकांपुढेच उघडी पडते आणि तोवर पैसा संपलेला असतो. कच्च्या संकलनाच्या टप्प्यावर त्रयस्थाने दहा मिनिटे काढून टाकण्याचा सल्ला दिला, तर तो अमलात आणणे अद्याप शक्य असते. ज्या दिग्दर्शकाने दोन-तीन वर्षे एकाच कथेत घालविली, त्याला ती नव्याने पाहता येत नाही. ज्याला गावातील माणसे ठाऊक नाहीत, भाषाही येत नाही, अशा पाहणाऱ्याला कोठे समजेनासे झाले, ही माहिती त्याच्यासाठी मोलाची असते.

मंड्या जिल्ह्यातील एक गाव

याचे उत्तम उदाहरण म्हणजे राम रेड्डी यांचा ‘तिथि’ हा कन्नड चित्रपट. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातील नोडेकोप्पलू या खेड्यात तो चित्रित झाला. पटकथेचे सहलेखक एरे गौडा याच गावचे. एकही व्यावसायिक नट नसलेल्या या चित्रपटात परिसरातील शेतकरी, म्हातारेकोतारे आणि तरुण यांनीच भूमिका केल्या. शंभरी ओलांडलेला वृद्ध मरण पावतो आणि अकराव्या दिवसाच्या जेवणापर्यंतच्या काळात त्याच्या तीन पिढ्यांचे काय होते, एवढेच कथानक. नातवाला पाच एकर जमीन विकावयाची आहे. ती ज्याच्या वाट्याची तो त्याचा बाप रानोमाळ भटकणारा, कागदपत्रांची तमा नसलेला. मग नातू जिवंत बापाच्या मृत्यूचा दाखला मिळविण्याच्या मागे लागतो. तलाठ्याच्या दप्तराशी आणि वारसनोंदीच्या खटाटोपाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे कथानक समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

अशा चित्रपटाला प्रेक्षक कोठून मिळणार, असे कोणासही वाटले असते. फिल्म बाजारातील अपूर्ण चित्रपटांच्या कार्यशाळेतून हा चित्रपट गेला. २०१५ साली लोकार्नो येथील महोत्सवात त्याला नव्या दिग्दर्शकांच्या विभागातील सुवर्णचित्ता आणि पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार, असे दोन सन्मान मिळाले. पुढे उत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. केवळ चर्चेने चित्रपट चांगला होत नाही, हे खरे. गावची माणसे आणि लेखकाची त्यांच्याविषयीची जाण ही मुळातली पुंजी होती. पण त्या पुंजीला देशाबाहेरची बाजारपेठ दाखविण्याचे काम चर्चेने केले.

महाराष्ट्राशी निगडित दोन चित्रपटही या बाजाराच्या निरनिराळ्या विभागांतून गेले आहेत. रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यावर उभा आहे आणि भारत, फ्रान्स व जर्मनी यांच्या सहनिर्मितीतून तो तयार झाला. २०१३ साली कान येथील समीक्षक सप्ताहात तो दाखविण्यात आला. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा पहिलाच चित्रपट. मुंबईतील कनिष्ठ न्यायालयात एका लोकशाहिरावर चाललेला खटला हा त्याचा विषय. २०१४ मध्ये व्हेनिस येथे त्याने दोन पुरस्कार मिळविले आणि त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला.

तरुणांसाठी

२०२१ साली, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त, पस्तीस वर्षांखालील पंचाहत्तर तरुणांना महोत्सवात निमंत्रित करण्याचा उपक्रम सुरू झाला. दिग्दर्शन, पटकथा, छायालेखन, संकलन, पार्श्वगायन अशा शाखांतून त्यांची निवड होते. २०२२ पासून या तरुणांचे गट पाडून ठरावीक तासांत एक लघुपट पूर्ण करावयाची स्पर्धा ठेवण्यात आली. महोत्सव त्रेपन्नावा, म्हणून त्या वर्षी तास त्रेपन्न होते. पुढील वर्षी ते अठ्ठेचाळीस झाले. २०२४ मध्ये निवडलेल्यांची संख्या शंभरावर नेण्यात आली. पूर्वी एकमेकांना न पाहिलेली माणसे एकत्र येऊन दोन दिवसांत कथा ठरवितात, चित्रित करतात आणि जोडतात, यात जुन्या उमेदवारीचा थोडा अंश परत आला आहे, असे म्हणता येईल.

वाट अरुंद आहे

या उपक्रमांचे गुणगान करताना एक बाब नजरेआड करून चालणार नाही. फिल्म बाजाराचे प्रवेशशुल्क महोत्सवाच्या साध्या प्रतिनिधिशुल्काहून कितीतरी अधिक असते. त्यात गोव्यातील मुक्कामाचा खर्च मिळवावा लागतो. व्यवहार बहुतांशी इंग्रजीत चालतो. मार्गदर्शकांत परदेशी तज्ज्ञांचा भरणा असल्याने त्यांची आवडनिवड हीच गुणवत्तेची कसोटी ठरते की काय, ही शंकाही अनाठायी नाही. मुंबई-पुण्यातील उमेदवाराला ही वाट माहीत असते. हिंगोली किंवा गडचिरोली जिल्ह्यातील मुलगा उत्तम लघुपट मोबाइलवर तयार करतो, पण असा काही बाजार भरतो, ही वार्ताच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

शासकीय पातळीवर काही साह्य उपलब्ध आहे. महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाने निवडक मराठी चित्रपट गोव्यातील आणि कान येथील चित्रपट बाजारात पाठविले आहेत. पुण्याच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेने २०१७ पासून देशाच्या निरनिराळ्या शहरांत अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेण्यास प्रारंभ केला. चित्रपट कसा पाहावा, हे शिकविणारा रसास्वाद अभ्यासक्रम तर तेथे अनेक वर्षांपासून चालत आला आहे आणि शिक्षकांना तो विशेष उपयोगी पडण्यासारखा आहे.

चित्रीकरणाच्या परवान्यांचा प्रश्न स्थानिक प्रशासनाशी थेट निगडित आहे. केंद्र शासनाने २०१५ मध्ये या कामासाठी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात स्वतंत्र कार्यालय उघडले आणि चित्रीकरणास अनुकूल राज्याचा राष्ट्रीय पुरस्कारही सुरू झाला. २०१५ या वर्षासाठीचा तो पहिला पुरस्कार गुजरातला मिळाला. महाराष्ट्रातही एक खिडकी पद्धती आहे. फिल्म बाजारात राज्याराज्यांची दालने असतात आणि आपापल्या भागातील घाट, नद्या, जुने वाडे यांची माहिती तेथे निर्मात्यांना दिली जाते. अशा दालनात बसलेल्या अधिकाऱ्याला तालुक्यातून वेळेवर माहिती मिळाली नाही, तर तो पुस्तिकेतील ठरावीक चार-पाच स्थळांखेरीज काय दाखविणार? ओसाड पडलेला रेल्वे थांबा, बंद साखर कारखाना, लाकडी तुळयांची शाळा यांची नोंद ग्रामपंचायतच करू शकते. ती करताना चित्रीकरणाचे शुल्क किती, पिकांची नुकसानी कोणी भरावयाची आणि परीक्षेच्या काळात शाळेचा वापर होऊ द्यावयाचा की नाही, हेही ग्रामसभेत आधीच ठरविलेले बरे. ऐन चित्रीकरणाच्या दिवशी निघणारे वाद त्यामुळे टळतात.

तरुणांच्या निवडीसाठी आणि बाजारातील कार्यशाळांसाठी अर्ज नोव्हेंबरच्या काही महिने आधीच मागविले जातात. अर्जाबरोबर साधारणपणे कथेचा संक्षेप, दिग्दर्शकाचे मनोगत, अंदाजपत्रक आणि पूर्वीचे काम जोडावे लागते. ज्या महाविद्यालयात ही माहिती जून-जुलैमध्येच फलकावर लागेल, तेथील विद्यार्थ्यास संक्षेप मराठीत लिहून, इंग्रजीच्या अध्यापकांबरोबर बसून त्याचे भाषांतर करण्यास आणि वाणिज्य शाखेच्या अध्यापकांकडून अंदाजपत्रकाची बेरीज तपासून घेण्यास अवधी मिळेल.