पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश

घरातील वृद्ध माणूस नावे विसरू लागला, नेहमीची वाट चुकू लागला, की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून ती गोष्ट वयावर ढकलण्याची आपल्याकडे प्रथा आहे. स्मृतिभ्रंशाचे प्रमाण वयाबरोबर वाढते हे खरे; परंतु तो वार्धक्याचा अटळ भाग नव्हे.

मेंदूतील रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली म्हणजे पक्षाघात होतो व त्या भागातील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. मोठा झटका हातपाय लुळे करतो, म्हणून तो सर्वांना दिसतो. लहान झटके मात्र पुष्कळदा रोग्यालाही कळत नाहीत. त्यांची बेरीज होत जाऊन विचारशक्ती क्षीण होते, ही गोष्ट डॉ. व्लादिमिर हॅचिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये ठामपणे मांडली. पुढे २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. पहिल्या झटक्यानंतर लवकरच सुमारे १० टक्के रुग्णांना, तर पुन्हा झटका आल्यावर एकतृतीयांशाहून अधिक रुग्णांना स्मृतिभ्रंश जडल्याचे त्यांना आढळून आले. तेव्हा दुसरा झटका टाळणे हेच खरे महत्त्वाचे काम होय. नेमके येथेच दुर्लक्ष होते. हात हलू लागला, बरे वाटू लागले, की रक्तदाबाच्या गोळ्या बंद होतात!

उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान व बैठे जीवन ही दोन्ही विकारांची सामाईक कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविले आहे. लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ यांचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० व्यक्तींवर दोन वर्षे प्रयोग झाला. आहार, व्यायाम, बुद्धीला चालना व रक्तदाबादींवर देखरेख यांची जोड दिलेल्या गटाची बौद्धिक क्षमता अधिक चांगली राहिली, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये नोंदविलेल्या चौदा टाळण्याजोग्या कारणांत अपुरे शिक्षण, बहिरेपणा व एकाकीपणा यांचाही समावेश आहे. शाळेतील मुलांची गळती हा अशा रीतीने आरोग्याचाही प्रश्न ठरतो.

तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच तेलमालिशीत वेळ दवडू नये. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही मेंदूची सी. टी. तपासणी झाल्यावर. ही सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, याची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर असावी. लक्षणे किती वाजता सुरू झाली ते घरच्यांनी लिहून ठेवावे. डॉक्टर प्रथम तेच विचारतात.