संगणकावरचा गोल्फ : खरा किती, अवघड किती?

आपल्यापैकी फार थोड्यांनी गोल्फची काठी हातात धरली असेल. वडगावच्या गल्लीत गोट्यांचा गल सापडेल, विटी-दांडूची खूण सापडेल. गोल्फ मात्र आपल्याकडे येतो तो संगणकाच्या, आणि आता मोबाईलच्या, पडद्यावरून. ज्याने खरे मैदान पाहिले आहे त्याला पडद्यावरचे खोटे लगेच कळते. आपल्याला ते कळायचे कसे?

खेळ सुरू करताना 'सोपे, मध्यम, अवघड' यांतले एक निवडायला सांगतात. 'अवघड' निवडले की खेळ खऱ्यासारखा होतो, अशी बहुतेकांची समजूत असते. पण खरेपणा ही एक गोष्ट आणि अवघडपणा ही दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या तपासायला हव्यात.

आधी खरेपणा पाहू. गोल्फच्या चेंडूचा व्यास नियमाप्रमाणे निदान ४२.६७ मिलिमीटर असावा लागतो आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या पहिल्या फटक्यात हा चेंडू सेकंदाला सुमारे ७५ मीटर वेगाने, जमिनीशी साधारण ११ अंशांचा कोन करून निघतो. पीयूसीला गेल्यावर तुम्हाला एक सूत्र भेटेल : वेगाचा वर्ग, गुणिले दुप्पट कोनाचे साइन, भागिले गुरुत्वीय त्वरण. हवा नाहीच असे धरून या सूत्राने अंतर काढले तर उत्तर येते सुमारे २१५ मीटर. आता हवा आली म्हणजे चेंडू अडणार आणि अंतर घटणार, असेच कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात चेंडू सुमारे २५० मीटरवर जाऊन पडतो!

ही करामत गिरकीची आहे. काठीच्या तिरक्या तोंडामुळे चेंडू उलट्या गिरक्या घेत निघतो, मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास. असा फिरणारा चेंडू हवेला खाली लोटतो आणि हवा त्याला वर उचलून धरते. न्यूटनचा तिसरा नियम आपण पाठ करतो, तोच येथे काम करतो. एडिंबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात गोल्फच्या चेंडूच्या उड्डाणाचा अभ्यास करून हे दाखवले. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट नामांकित गोल्फपटू होता, म्हणजे प्रयोगाला माणूस घरातच होता. चेंडूवरचे खळगेही नक्षीसाठी नसतात. त्यांच्यामुळे चेंडूमागचा हवेचा भोवरा लहान होतो आणि अडथळा कमी होतो. गुळगुळीत चेंडू त्याच फटक्यात जेमतेम निम्मे अंतर जातो.

याचा आपल्या गावाशीही संबंध आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, त्यामुळे येथली हवा मुंबईपेक्षा साधारण सात टक्के विरळ. मुंबईत २०० मीटर जाणारा फटका येथे पाच-सहा मीटर पुढे पडेल. ज्या खेळात समुद्रकाठचे आणि डोंगरावरचे मैदान सारखेच अंतर देते, तो खेळ कितीही सुंदर चित्रे दाखवो, त्याचे गणित कच्चे आहे. मंगाईच्या यात्रेच्या दिवसांत आपल्याकडे छत्री उलटी करणारा वारा सुटतो. तसा वारा झाडाची पाने हलवतो पण चेंडू हलवत नाही, असेही खेळ आहेत.

आता अवघडपणा. खऱ्या गोल्फमध्ये अवघड काय, तर सगळे शरीर एकाच क्षणी नीट वळवणे. पडद्यावर शरीर नाही, नुसते बोट आहे. मग अवघडपणा कोठून आणायचा? १९८४ च्या निंटेंडोच्या 'गोल्फ' या खेळात सरकती पट्टी आली : एकदा बटण दाबले की झोका सुरू, दुसऱ्यांदा जोर ठरला, तिसऱ्यांदा चेंडूला काठी लागली. तिसरी दाबणी चुकली की चेंडू वाकडा. १९९० पासूनच्या 'लिंक्स' मालिकेनेही ही तीन दाबण्यांची रीत चालवली. पुढे माउस मागे ओढून पुढे ढकलायची रीत आली. पट्टी हळू सरकली तर सोपे, भरभर सरकली तर अवघड. पण त्याने चेंडूच्या उड्डाणाचे गणित बदलत नाही. उलट टायगर वुड्सच्या नावाच्या मालिकेत, २००० नंतरच्या काही आवृत्त्यांत, चेंडू हवेत असताना बटण भराभर दाबून त्याला गिरकी देता येई. येथे गणितच मोडले. मजा येते, नाही कशाला म्हणा, पण काठी सोडून गेलेल्या चेंडूला कोणी गिरकी देऊ शकत नाही.

तिसरा प्रकार माहितीचा. हिरवळीवर चेंडू भोकाकडे ढकलताना कोणता उतार कोठे वळवेल हे डोळ्यांनी ओळखणे हीच विद्या. सोप्या पातळीवर खेळ चेंडूची वाटच रेघ काढून दाखवतो. माझ्या मते सर्वांत आधी बंद करावी ती ही रेघ. बंगळुरूची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकले. इतर अनेकींपेक्षा तिचे लांब फटके आखूड होते. तिला वर ठेवले ते या हिरवळीवरच्या नजरेने.

आणि खरा गोल्फ नवख्याला कसा सांभाळतो? हँडिकॅप देऊन. १८ हँडिकॅपवाल्याने ९० फटके मारले तर त्यातून १८ वजा करून ७२ धरतात. चेंडू तोच, वारा तोच, फक्त मोजणी बदलते. आपल्या विटी-दांडूची गंमत याच्या उलट. वकट-लेंडच्या रीतीत मोजणी कोणत्या आकड्यावर थांबली त्यावर पुढचा टोला पायावरून की हातावरून की डोळ्यावरून हे ठरते. म्हणजे तेथे मारणेच बदलते.

म्हणूनच 'मी १८ भोकांना ५२ मारले' असे कोणी सांगितले तर पातळी विचारा. अमेरिकेच्या व्यावसायिक पीजीए टूरवर जिम फ्युरिकने २०१६ मध्ये ५८ फटक्यांत फेरी पुरी केली, तीही जगभर गाजली.

स्वाध्याय : तुमच्या खेळात वारा शून्य ठेवून एकाच काठीने दहा फटके मारा आणि अंतरे वहीत लिहा. मग फक्त पातळी 'सोपे'वरून 'अवघड'वर न्या आणि पुन्हा दहा मारा. दोन्ही वेळचे सरासरी अंतर काढा आणि सर्वांत लांब व सर्वांत आखूड फटक्यांतला फरकही काढा. फक्त फरक वाढला असेल तर खेळाने तुमचे बोट अवघड केले. नीट बसलेल्या फटक्यांचे अंतरही बदलले असेल तर त्याने काय बदलले, ते वर्गात सांगा.