उद्यांच्या जगाची आणेवारी

आपल्या मंडळाच्या एका बैठकींत खताच्या भावाची चर्चा चालली असतां एका तरुण सभासदानें प्रश्न केला कीं, आणखी पंचवीस-तीस वर्षांनीं जगांत कोणत्या राष्ट्राचा शब्द चालेल? कोणी अमेरिका म्हणाले, कोणी चीन म्हणाले, आणि भारताचें नांव निघतांच टाळ्या पडल्या. खताच्या गोणीवरून बोलणें जगाच्या सत्तेवर गेलें हें आम्हांस मुळींच विचित्र वाटलें नाहीं. पालाशाचा कणहि आपल्या देशांत पुरेसा निघत नाहीं. तो सर्व कॅनडा, रशिया, बेलारूस अशा देशांकडून आणावा लागतो. स्फुरदाच्या दगडाचा जगांतील ज्ञात साठा दोनतृतीयांशांहून अधिक मोरोक्को व त्याच्या ताब्यांतील पश्चिम सहारा या प्रदेशांत आहे. तेव्हां जगांत कोणाचा शब्द चालतो, ही गोष्ट आपल्या बांधापर्यंत येऊन पोंचलेलीच आहे. म्हणून त्या प्रश्नाचा थोडा पद्धतशीर विचार या पाठांत करण्याचें योजिलें आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. राजकारण हा आमचा विषय नव्हे. परंतु उभ्या पिकाचा अदमास कसा बांधतात व तो कसा चुकतो, हें आम्हीं जवळून पाहिलें आहे. आणेवारी, जिला आतां पैसेवारी म्हणतात, ती एका दमांत ठरत नाहीं, हें वाचकांस ठाऊक आहेच. प्रथम नजर अंदाज, मग सुधारित आंकडा, आणि सर्वांच्या शेवटीं अंतिम आंकडा. नोकरीच्या आरंभीं एका गांवीं आम्ही समितीबरोबर कागद लिहिण्यास गेलों होतों. रस्त्याकडेचीं विहिरीखालचीं शेतें हिरवीं होतीं. तीं पाहून आम्हीं चढा आंकडा सुचविला आणि तो मान्य झाला. माळावरची ज्वारी पोटरींतच करपली होती. तिकडे जाण्याचा कंटाळा आम्हींच केला. पैसेवारी पन्नासाच्या वर गेली आणि त्या वर्षीं त्या गांवास शेतसाऱ्यांत सूट मिळाली नाहीं. ही चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, आमचीच होती. तेव्हांपासून केवळ रस्त्याकडेचें पीक पाहून बोलूं नये असा आमचा नियम आहे. राष्ट्रांच्या बाबतींत उंच इमारती, संचलनांतील तोफा व एकूण उत्पन्नाचे मोठे आंकडे हें रस्त्याकडेचें पीक होय.

मोठमोठ्या जाणत्यांचे नजर अंदाजहि कसे फसले तें आधीं पाहूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अर्जेंटिना हा देश दरडोई उत्पन्नांत जगांतील पहिल्या दहा-बारा देशांत मोडत असे. पंपासचें विस्तीर्ण सुपीक रान, तेथील गहूं, मका व मांस यांनीं भरलेलीं जहाजें युरोपास जात. परंतु १९३० सालीं लष्करानें सरकार उलथलें आणि पुढें तोच खेळ वारंवार झाला. २००१ सालीं त्या देशानें आपण कर्ज फेडूं शकत नाहीं असें जाहीर केलें. जमीन तीच होती, घर मोडलें होतें. सोव्हिएत रशियानें १९५७ सालीं पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला व १९६१ सालीं पहिला मनुष्य अंतराळांत पाठविला; तेव्हां हें राष्ट्र अमेरिकेस मागें टाकणार असें पुष्कळांस वाटे. पण त्याच राष्ट्रास १९६३ सालीं परदेशांतून गहूं घ्यावा लागला, १९७२ सालीं प्रत्यक्ष अमेरिकेकडून धान्याची प्रचंड खरेदी करावी लागली, आणि १९९१ च्या डिसेंबरांत तें राज्यच विसर्जित झालें. १९८० नंतरच्या दशकांत हाच मान जपानला मिळाला होता. तेथील शेअरबाजारानें १९८९ च्या अखेरीस गांठलेली उंची पुन्हां ओलांडण्यास २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला; मध्यंतरीं तेथें माणसेंच कमी होऊं लागलीं.

या तीन दाखल्यांवरून राष्ट्राच्या उताऱ्यांत कोणते रकाने पाहावेत हें कळतें. आम्ही चार रकाने घेतों: हात, अन्न-पाणी, बियाणें, आणि कर्ज व घरची एकी.

पहिला रकाना हातांचा. चीनमध्यें १९८० पासून २०१५ पर्यंत एका मुलाचा निर्बंध होता. त्याचें फळ असें कीं, २०२२ सालीं तेथें जन्मांपेक्षां मृत्यु अधिक झाले. असें १९६१ च्या दुष्काळानंतर प्रथमच घडलें. २०२३ सालीं भारताची लोकसंख्या चीनच्या पुढें गेली. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अदमासाप्रमाणें २०५० सालीं चीनमध्यें सुमारें १२६ कोटी व भारतांत सुमारें १६८ कोटी माणसें असतील. अमेरिकेचा आंकडा ३८ कोटींच्या आसपास राहील, कारण तेथें बाहेरून माणसें येत राहतात; तीं येऊं द्यावींत कीं नाहीं यावर मात्र तेथें मोठा वाद आहे. चीनमधील मधलें वय आज चाळीसच्या आसपास, भारतांतील अठ्ठावीस-एकोणतीस, आणि नायजेरियांतील अवघें अठरा आहे. २०५० सालीं जगांतील दर चार माणसांत एक आफ्रिकेंतील असेल. पण आपणहि फार हुरळून जाऊं नये. भारतांत दर स्त्रीमागें अपत्यांचें प्रमाण दोनवर आलें आहे, आणि २०६० नंतरच्या दशकांत आपलीहि संख्या उतरूं लागेल. हातांची ही सुगी एकदांच यावयाची आहे. शिवाय रिकामे हात म्हणजे काम नव्हे.

दुसरा रकाना अन्न व पाणी यांचा. अमेरिका स्वतः खाऊन उरलेलें जगास विकते. चीन आपला तांदूळ व गहूं बहुतेक आपणच पिकवतो, परंतु जनावरांच्या खाद्यासाठीं व तेलासाठीं दरसाल दहा कोटी टनांच्या आसपास सोयाबीन बाहेरून आणतो. त्यांतील मोठा वांटा ब्राझीलचा. अन्नावांचून राष्ट्राची मान कशी खालीं जाते, हें आपल्या वडीलधाऱ्यांस पुस्तकांत वाचावें लागत नाहीं. १९६५-६६ च्या अवर्षणांत अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनीं गव्हाचीं जहाजें थोडींथोडीं, हात आंखडून सोडलीं, आणि व्हिएटनामच्या युद्धावर भारतानें केलेली टीका त्यांस रुचली नव्हती हेंहि उघड होतें. १९७२ च्या दुष्काळांत आपल्याकडील घरोघरीं लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या गेल्या. मेक्सिकोच्या बुटक्या गव्हाचें १८,००० टन बियाणें १९६६ सालीं आणलें, सी. सुब्रह्मण्यम व डॉ. स्वामिनाथन यांच्यासारखे जाणते त्यामागें उभे राहिले, शेतकऱ्यांनीं तें पेरलें, आणि मान वर झाली. आज आपण तांदूळ निर्यात करणाऱ्यांत पहिले आहों. तथापि जगाच्या सुमारें अठरा टक्के लोकसंख्येस आपल्याकडे चारच टक्के गोडें पाणी आहे, आणि जमिनींतून आपण जेवढें पाणी उपसतों तेवढें चीन व अमेरिका मिळूनहि उपसत नाहींत. आपल्या उताऱ्यांतील सर्वांत चिंतेची नोंद आम्हांस हीच वाटते.

तिसरा रकाना बियाण्याचा. खळ्यावरील सर्व धान्य खाऊन टाकणारा व पुढील पेरणीसाठीं कणगी बाजूस ठेवणारा, या दोघांतील भेद राष्ट्रांतहि असतो. संशोधनावर होणारा खर्च ही ती बाजूची कणगी होय. एकूण उत्पन्नांतून दक्षिण कोरिया सुमारें पांच टक्के, अमेरिका साडेतीन टक्क्यांच्या आसपास, चीन अडीच टक्क्यांहून थोडें अधिक, आणि भारत पाऊण टक्क्याहूनहि कमी या कामीं लावतो. अमेरिकेची आजची सत्ता एका दिवसांत उगवलेली नाहीं. १८६२ सालीं, घरांत यादवी युद्ध पेटलें असतां, त्या देशानें प्रांतांना सरकारी जमिनी देऊन शेती व यंत्रविद्या शिकविणारीं महाविद्यालयें काढविलीं; त्यांचें पीक ती आजहि खाते. चीननेंहि गेल्या चाळीस वर्षांत अशीच पेरणी केली. विजेच्या गाड्या, मोटारी व तोफा यांना लागणाऱ्या दुर्मिळ मृदांपैकीं नव्वद टक्क्यांच्या आसपास माल तेथें शुद्ध होतो. २०२५ च्या एप्रिलांत त्यानें त्यांतील सात द्रव्यांच्या निर्यातीवर बंधन घालतांच सर्व जगाचे कारखानदार हादरले.

चौथा रकाना कर्ज व एकी यांचा. २०२४ च्या अखेरीस अमेरिकन सरकारचें कर्ज ३६ लाख कोटी डॉलरांवर गेलें होतें, आणि त्या वर्षीं व्याजाचा बोजा सैन्याच्या खर्चाएवढा होऊन बसला. तरी सर्व जग डॉलरांतच व्यवहार करतें, म्हणून त्या सावकाराची पत अद्याप टिकून आहे. चीनमध्यें सर्व सूत्रें एका पक्षाच्या व बव्हंशीं एका पुरुषाच्या हातीं आहेत. अशा घरांत काम झपाट्यानें होतें, परंतु कर्ता चुकला तर त्यास सांगणारा कोणी नसतो. भारतांत भांडणें पुष्कळ, पण निवडणुकीनें सरकार बदलतें व हरलेला पक्ष मुकाट्यानें पायउतार होतो. ही ठेव लहान नव्हे. जात व धर्म यांच्या भांडणांत ती आपणच गमावूं नये.

आतां अंदाज. गोल्डमन सॅक्स या अमेरिकन पेढीनें २००३ सालीं लिहिलें कीं, चीन २०४१ च्या सुमारास उत्पन्नांत अमेरिकेस मागें टाकील. त्याच पेढीनें २०२२ सालीं तें वर्ष २०३५ च्या आसपास धरलें, आणि २०७५ सालीं चीन, भारत, अमेरिका, इंडोनेशिया, नायजेरिया असा क्रम मांडला. आंकडा असा सरकत राहतो यावरूनच तो नजर अंदाज आहे हें ओळखावें. २०२४ सालचें वार्षिक उत्पन्न पाहिलें तर अमेरिकेचें सुमारें २९ लाख कोटी डॉलर, चीनचें १८ ते १९ लाख कोटी, व भारताचें ४ लाख कोटींस थोडें कमी होतें.

आमचा स्वतःचा अंदाज असा कीं, या शतकाच्या मध्यावर कोणीहि एक राष्ट्र जगाचा पाटील असणार नाहीं. अमेरिका व चीन हे दोन मोठे खातेदार राहतील. चीनचे कारखाने व विद्या वाढेल, परंतु हात घटतील. अमेरिकेचें कर्ज वाढेल, परंतु अन्न, विद्या व पत ढासळण्यास वेळ लागेल. त्यांतील पहिला कोण, हें आज ठामपणें सांगणारा मनुष्य माळावर न जातां आंकडा लिहीत आहे असें समजावें. युरोपचीं राष्ट्रें एकत्र राहिलीं तर तिसरें पारडें होऊं शकतील. इंडोनेशिया, ब्राझील, नायजेरिया यांस आजच्यापेक्षां अधिक मान मिळेल. भारत आकारानें तिसरा होईल, हें बहुतेक निश्चित आहे. परंतु आकार व सत्ता यांत अंतर आहे. २०२३-२४ सालीं आपल्या शंभर कामकऱ्यांपैकीं सेहेचाळीस शेतींत होते, आणि सरासरी धारण १९७०-७१ मधील २.२८ हेक्टरांवरून २०१५-१६ मध्यें १.०८ हेक्टरांवर आली. इतके हात इतक्या लहान तुकड्यांवर अडकून राहिले तर आपला तिसरा क्रमांक केवळ डोकीं मोजून मिळालेला असेल.

सत्ता म्हणजे दुसऱ्यास धमकावणें एवढाच तिचा अर्थ शेतकऱ्यानें घेऊं नये. दुसऱ्यानें हात आंखडला असतां आपली पेरणी न थांबणें, हीहि सत्ताच होय. २०२१ च्या ऑक्टोबरांत चीननें खतांची निर्यात आवळली, २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली, आणि डीएपीच्या गोणीसाठीं आपल्याकडे दुकानांपुढें रांगा लागल्या, याचें स्मरण ताजें आहे. यासाठीं तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. माती तपासूनच खत घालावें व शेणखत, कंपोस्ट आणि द्विदल पिकांचा फेर सोडूं नये. विहिरीची पातळी दर उन्हाळ्यांत मोजून वहींत लिहावी व त्या हिशेबानें ऊंस घ्यावा कीं नाहीं तें ठरवावें. आणि घरांतील एका तरी मुलास अगर मुलीस, जमीन विकून नव्हे तर जमिनीच्या उत्पन्नावर, शास्त्राचें शिक्षण पुरें होईपर्यंत शिकवावें. बाजूची कणगी सरकारनें भरावी असें आपण म्हणतोंच. ती घरांतहि भरावी लागते.

तरुण सभासदास आमचें उत्तर इतकेंच आहे. २०५० सालीं आम्ही ही वही तपासण्यास बहुधा असणार नाहीं. त्यानें ती तपासावी. त्यावेळीं आंकडा लिहिण्यापूर्वीं त्यानें माळावरच्या शेतांतून एक फेरी मारावी, एवढीच विनंति आहे.