परस्पर शाळाभेटींचे आयोजन : जपानमधील परदेशी इंग्रजी साहाय्यक शिक्षक

जपानच्या शाळांत इंग्रजीच्या अध्यापनास साहाय्य करण्याकरिता परदेशी तरुण-तरुणींना नेमण्याची पद्धती आज चांगलीच रूढ झालेली आहे. इ. स. १९८७ मध्ये ‘जेट’ या योजनेचा प्रारंभ झाला, तेव्हा अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या ४ देशांतून ८४८ व्यक्ती जपानमध्ये आल्या. पुढे २०११ पासून प्राथमिक शाळेच्या पाचव्या व सहाव्या इयत्तांत परकी भाषेचा परिचय आवश्यक करण्यात आला. २०२० पासून या दोन इयत्तांना ती भाषा रीतसर विषय म्हणून वर्षास ७० तासिका शिकविली जाते, आणि तिसरी-चौथीस ३५ तासिकांचा परिचयात्मक उपक्रम असतो. परकी भाषा म्हणजे व्यवहारतः इंग्रजीच होय.

या साहाय्यकाची स्थिती विचार करण्याजोगी आहे. त्याच्यापाशी भाषा असते. परंतु पुष्कळदा अध्यापनाचे शिक्षण नसते. वर्गशिक्षकापाशी अध्यापनाचे शिक्षण असते. परंतु इंग्रजी बोलण्याचा आत्मविश्वास नसतो. कित्येक साहाय्यक आठवड्यात निरनिराळ्या शाळांत जातात आणि प्रत्येक ठिकाणी एकटेच असतात. दुसरा साहाय्यक कसा शिकवितो हे पाहण्याची संधी न मिळाल्यामुळे काहींचे काम केवळ शब्द उच्चारून दाखविण्यापुरते उरते, तर काहींवर सर्व तास सोपवून वर्गशिक्षक मागे उभे राहतात. दोन्ही प्रकारांत हानी होते ती विद्यार्थ्यांची. या दोषावर परस्पर शाळाभेट हा एक अल्पखर्चाचा उपाय आहे. मात्र ती सहल होऊ नये, याकरिता पुढील गोष्टींकडे लक्ष पुरविले पाहिजे.

१. अनुमती व जबाबदारी. भेटीचा विचार दोन साहाय्यकांनी आपसात ठरवून चालत नाही. प्रथम दोन्ही शाळांचे मुख्याध्यापक व स्थानिक शिक्षण मंडळ यांची संमती घ्यावी. भेट हे कर्तव्य समजावयाचे की रजा, याचाही निर्णय आधीच व्हावा. काही साहाय्यक खाजगी कंपनीमार्फत, ‘उकेओई’ नावाच्या कंत्राटी पद्धतीने येतात. त्यांना कामाचे आदेश देण्याचा अधिकार कंपनीकडे असतो, शाळेकडे नसतो. अशा वेळी शाळेने परस्पर सूचना देणे नियमास धरून होत नाही. शिक्षण मंडळाने कंपनीशी बोलूनच भेट ठरवावी.

२. समय. जपानी शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते. ‘जेट’चे नवे साहाय्यक बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये येतात. त्यांना वर्गाची ओळख होण्यास थोडा अवधी देऊन पहिली भेट ऑक्टोबरच्या सुमारास व परतभेट जानेवारीच्या अखेरीस ठेवणे सोयीचे पडते. मार्च महिना निरोपसमारंभ व वर्षाखेरीच्या कामांचा असल्याने टाळावा.

३. जोडी. दोन सारख्या शाळांपेक्षा दोन भिन्न शाळांची जोडी अधिक बोधप्रद ठरते. शहरातील वर्गात तीस-पस्तीस मुले असतात. डोंगराळ भागात लगतच्या दोन इयत्तांची मुले मिळून १६ किंवा त्याहून कमी असल्यास त्यांचा जोडवर्ग केला जातो. एका गटास लेखन देऊन दुसऱ्याशी संभाषण कसे साधावे, हे मोठ्या वर्गाच्या साहाय्यकास तेथे पाहावयास मिळते. आपल्याकडील द्विशिक्षकी शाळांच्या शिक्षकांस हा प्रश्न अपरिचित नाही.

४. वर्गशिक्षकाचा सहभाग. हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय. तासाची जबाबदारी जपानी शिक्षकाची असते. साहाय्यक हा त्याचा जोडीदार आहे. एकटा साहाय्यक चांगले पाहून आला आणि वर्गशिक्षकास त्याची वार्ताही नसली, तर दुसऱ्या दिवशी वर्ग पूर्वीप्रमाणेच चालतो. म्हणून शक्य तेथे दोघांनी मिळून जावे. ते अशक्य असल्यास परतल्यावर अर्धा तास दोघांनी एकत्र बसून पुढील पाठाचे टाचण करावे. मागे राहिलेल्या वर्गाचा तास बुडू नये, यासाठी वेळापत्रकात अदलाबदल अगोदरच करून ठेवावी.

५. निरीक्षण. जपानी शिक्षकांत एकमेकांचे पाठ पाहून त्यांवर चर्चा करण्याची जुनी परंपरा आहे. तिला ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात. तिचेच नियम येथे लावावेत. पाठाचे टाचण पाहुण्याच्या हाती आधी द्यावे. ४५ मिनिटांच्या तासात पाहुण्याने मध्ये बोलू नये, आणि अनुमतीवाचून मुलांची छायाचित्रे घेऊ नयेत. शिक्षक काय करतो याहून मुले काय करतात याची नोंद घ्यावी: किती मुले स्वतः बोलली, कोणते मूल सर्व तास गप्प राहिले, मूल अडले तेव्हा त्यास मदत कोणी केली. मुलांसमवेत दुपारचे भोजन घेतल्यास, वर्गात न बोलणारे मूलही कधी दोन शब्द बोलून जाते.

६. चर्चा. पाठ घेणाऱ्याने प्रथम बोलावे, पाहुण्याने नंतर. गुणदोषांची यादी न वाचता पाहिलेला प्रसंग सांगावा व त्याचे कारण शोधावे. अखेरीस प्रत्येकाने आपल्या वर्गात करावयाचा एकच बदल लिहून ठेवावा. परतभेटीत त्याच बदलाची पाहणी व्हावी. परतभेट नसेल, तर पहिल्या भेटीचे फळ बहुधा कौतुकाच्या शब्दांतच विरून जाते.

सारांश, शाळाभेटीचे मोल प्रवासाच्या अंतरावर किंवा स्वागताच्या थाटावर ठरत नाही. सर्व तास गप्प राहिलेले मूल पुढील महिन्यात बोलू लागले काय, हीच तिची खरी कसोटी होय.

चर्चेसाठी प्रश्न
(१) साहाय्यक एकटाच भेटीस गेल्यास कोणती उणीव राहते?
(२) भिन्न परिस्थितीतील शाळांची जोडी का लावावी?
(३) आपल्या केंद्रातील दोन शाळांच्या परस्पर भेटीचे टाचण तयार करा. त्यात मागे राहणाऱ्या वर्गाची व्यवस्था स्पष्टपणे नमूद करा.