कंबरदुखी आणि लेसर : कोणासाठी, कोणासाठी नाही

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा हा संत्र्यांचा आणि कपाशीचा टापू. भरलेली कॅरेट उचलणारे, दिवसभर वाकून कापूस वेचणारे रुग्ण आपणा सर्वांच्याच दवाखान्यात येतात. त्यांचा एक प्रश्न हमखास असतो : "डॉक्टरसायेब, नागपूरले लेसरनं कंबर नीट होते म्हणतात, खरं हाय का?" या उत्तरावर कित्येकदा एका बहाराची सारी मिळकत अवलंबून असते, म्हणून हा लेखप्रपंच.

दोन मणक्यांमधील गादीचा गाभा मऊ व पाणीदार असतो. त्याभोवती तंतूंचे चिवट कडे. कडे कमकुवत होऊन गाभा मागे फुगला की तो मज्जातंतूच्या मुळावर दाब देतो आणि कळ नितंबापासून पोटरी-पावलापर्यंत उतरते. हीच सायटिका. १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यवैद्यांनी हा संबंध दाखवून दिला. पुढे फेब्रुवारी १९८६ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे चॉय व आशर यांनी या गादीवर प्रथम लेसर वापरला.

पद्धत मोठी चतुर आहे. जागा बधिर करून, क्ष-किरण पडद्यावर पाहत सुई गादीच्या गाभ्यात नेतात व तिच्यातून बारीक काचतंतू सोडतात. लेसरच्या उष्णतेने गाभ्याचा अल्पसा भाग वाफ होऊन जातो. बंद पोकळीतील आकारमान किंचित घटले तरी आतला दाब पुष्कळ उतरतो, हे त्यामागील भौतिकशास्त्र. टाके नाहीत, आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो.

परंतु या पद्धतीची मर्यादाही याच तत्त्वात आहे. कडे शाबूत असेल तरच दाब उतरण्याला अर्थ. गाभ्याचा तुकडा सुटून बाहेर पडला असेल, मज्जामार्ग अरुंद झाला असेल किंवा मणका सरकला असेल, तर लेसर व्यर्थ. आणि पायात कळ नसून केवळ कंबर दुखत असेल, तर या उपचाराच्या बाजूने भक्कम पुरावा नाही. जुनाट कंबरदुखीचे बहुसंख्य रुग्ण नेमके असेच असतात! एम.आर.आय.मध्ये गादी फुगलेली दिसली, एवढ्याने ती दोषी ठरत नाही. काहीही न दुखणाऱ्या विशीतील माणसांतही सुमारे ३० टक्के जणांत ती तशी दिसते.

योग्य रुग्ण निवडला तरी काय होते? नेदरलँड्समधील ११५ रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात (२०१५) वर्षअखेरीस लेसर व नेहमीची सूक्ष्म शस्त्रक्रिया यांचे फलित जवळपास सारखे आले; मात्र लेसर गटातील ३८ टक्के रुग्णांना वर्षभरात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, दुसऱ्या गटातील १६ टक्क्यांना. हा आकडा रुग्णाला खर्चाआधी सांगितलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एरवी मी सायटिकाच्या रुग्णाला निदान सहा आठवडे औषध, हालचाल आणि व्यायाम यांवर ठेवतो. अंथरुणाला खिळवून ठेवीत नाही. बहुतेकांची कळ तेवढ्यात ओसरू लागते. ताप, घटते वजन, रात्रीचे दुखणे असल्यास आधी मणक्याच्या क्षयाचा शोध घ्यावा. पाऊल लुळे पडत असेल, लघवी अडली असेल किंवा जांघेची जागा बधिर झाली असेल, तर सहा आठवडे नव्हे, सहा तासही घालवू नयेत. अशा रुग्णाला त्याच दिवशी मज्जासंस्थेच्या शल्यवैद्याकडे रवाना करावे.